पाणी (मानवी पोषणातील)

पाण्यापासून शरीराला एकही कॅलरी मिळत नाही, आणि बहुधा म्हणूनच पोषणद्रव्यांच्या यादीत ते शेवटी येते किंवा येतच नाही. वस्तुतः अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरू शकतो, पाण्यावाचून मात्र काही दिवसच. कारण मेदाचा असतो तसा पाण्याचा राखीव साठा शरीरात नसतो आणि जे असते ते सगळे कामाला लागलेले असते. प्रौढ पुरुषाच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के, स्त्रीच्या ५० ते ५५ टक्के आणि नवजात बालकाच्या सुमारे ७५ टक्के वजन पाण्याचे असते. त्यापैकी दोन तृतीयांश पेशींच्या आत असते. रक्तद्रवाच्या वाट्याला जेमतेम ३ लिटर येते.

या थोड्या पाण्याची उलाढाल मात्र मोठी आहे. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, म्हणजे तेच ३ लिटर साठ वेळा, आणि त्यातून लघवीवाटे बाहेर पडते ते साधारण दीड लिटर. पचनमार्गात रोज सुमारे ७ लिटर पाचकरस पाझरतात व जवळजवळ सगळे परत शोषले जातात. त्वचेवरून १ लिटर घाम पूर्ण वाळला, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. ओघळून गेलेला किंवा पुसून टाकलेला घाम या हिशेबात धरता येत नाही, आणि दमट हवेत घामाने चिंब होऊनही अंग निवत नाही ते यामुळेच.

रक्तातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढले, तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसला त्याची चाहूल लागते. तहान जाणवते आणि मूत्ररोधी संप्रेरक स्रवून लघवी कमी व गडद होऊ लागते. तरीही टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून त्यांच्या बाबतीत केवळ तहानेवर विसंबून चालत नाही.

रोज किती पाणी प्यावे, या प्रश्नाला एकच आकडा पुरत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये पुरुषांसाठी २.५ व स्त्रियांसाठी २ लिटर हे प्रमाण पुरेसे मानले. मात्र त्यात अन्नातून आणि इतर पेयांतून येणारे पाणीही धरलेले आहे. ‘आठ ग्लास’ हा नियम बराचसा अर्धवट वाचनातून आला असावा. १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांसाठी अडीच लिटरांची शिफारस केली, तेव्हा यातील बहुतेक पाणी अन्नातच असते असेही तिथेच नोंदवले होते. ते वाक्य विस्मरणात गेले. श्रम, उष्ण हवामान, ताप आणि स्तनपान यांत गरज वाढते, तर मूतखडा होण्याची प्रवृत्ती असलेल्यांना मुद्दाम जास्त पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो.

पाण्याचे खरे संकट जुलाबात दिसते. पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णाचे तासाला अर्ध्या ते एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली त्वचा सोडली तरी तशीच उभी राहते आणि नाडी हाताला लागत नाही. अशा वेळी नुसते पाणी पुरत नाही, कारण त्याबरोबर सोडियमही गेलेले असते. आतड्याच्या अस्तरातील एक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेते व त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते; जुलाबातही हा मार्ग सहसा शाबूत राहतो. जलसंजीवनी याच तत्त्वावर बेतलेली आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे देण्याचे द्रव अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजवले आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. २००२ पासून शिफारस असलेल्या मिश्रणात १ लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट व १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. साखर वाढवली तर द्रावण अधिक गुणकारी होत नाही; उलट आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात.

अतिरेकही घातक ठरतो. निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणीच बाहेर टाकू शकतात. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत त्याहून अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते, मेंदूला सूज येते आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. सहा महिन्यांखालील बाळाला याच कारणाने वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि उन्हाळ्यातही ते त्याला पुरते.