वोआ व्हेर्त आणि व्हेलोरूत: वाट वेगळी, मार्ग वेगळा

दरवर्षी मार्च उजाडला की ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून मला एकच निरोप येतो. "फ्रान्सला सायकल चालवायला येतोय. ल्वार नदीकाठची वोआ व्हेर्त करणार. कुठेही गाड्या नाहीत, सगळा मुरुमाचा रस्ता आहे म्हणे." एवढ्याशा निरोपात तीन चुका आहेत आणि तिन्ही एकाच गोंधळातून आल्या आहेत. ल्वारकाठचा तो मार्ग व्हेलोरूत, म्हणजे फलकांनी जोडलेला लांब सायकलमार्ग आहे; वोआ व्हेर्त, म्हणजे मोटारींना बंद असलेली वाट, नव्हे. त्याच्या बऱ्याच भागात गाड्या आहेत. आणि मुरुमाची हमी या दोन्हींपैकी एकही शब्द देत नाही. मी नांतमध्ये राहतो, सुट्टीचे दिवस याच वाटांवर काढतो, त्यामुळे हे एकदाचं नीट लिहून ठेवतो.

आधी व्हेलोरूत. नाव आणि क्रमांक असलेली, फलकांनी जोडलेली, शेकडो किलोमीटरची रेघ. ल्वारकाठची 'ल्वार आ व्हेलो' सुमारे ९०० किलोमीटर, तर वायव्य टोकाच्या रोस्कॉफ बंदराहून अटलांटिकच्या बाजूने स्पेनच्या सीमेपर्यंत उतरणारी व्हेलोदिसे बाराशेच्या वर. मार्गाची आखणी असलेली जीपीएक्स फाइल फोनात घ्यायची, फलक बघत जायचं, संध्याकाळी कुठल्या तरी गावात उतरायचं. व्हेलोरूत म्हणजे मार्ग. तिच्याबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही.

वोआ व्हेर्त ही वाट आहे. अमुक ठिकाणी सुरू होऊन तमुक ठिकाणी संपणारा जमिनीचा ठरावीक पट्टा, आणि त्या पट्ट्यावर कोणी यायचं याचा कायदा. हा फरक खरं तर मराठी माणसाला पटकन कळायला हवा. आळंदी ते पंढरपूर हा पालखीचा मार्ग. तो कुठे महामार्गावरून जातो, कुठे दिवे घाट चढतो, कुठे एखाद्या गावाच्या पेठेतून निघतो. दिवे घाटात ट्रक असतात म्हणून मार्ग खोटा ठरत नाही, आणि मार्ग पालखीचा आहे म्हणून दिवे घाट एरवी वाहनांना बंद होत नाही. व्हेलोरूत अगदी तशीच आहे. ती काही अंतर वोआ व्हेर्तवरून जाते, काही अंतर शहरातल्या सायकलपट्टीवरून, आणि काही अंतर, अनेकदा बरंच अंतर, साध्या गावरस्त्यावरून.

वोआ व्हेर्त फ्रान्सच्या वाहतूक नियमांत आली ती १६ सप्टेंबर २००४ च्या हुकमाने. मोटर नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला रस्ता, अशी तिची व्याख्या. पायडल मारल्यावरच जोर देणारी आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी ई-सायकल कायद्याने सायकलच मानली जाते, त्यामुळे ती चालते. मोटारसायकल चालत नाही. कालव्यावरच्या लॉकजवळ, म्हणजे बोटींना पायरी चढवणाऱ्या दरवाज्यांजवळ, घर असलेल्याला किंवा देखभालीच्या गाडीला परवानगी असू शकते. ती गाडी सावकाश येते आणि चालवणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हा रस्ता आपला नाही.

हे जमिनीवर ओळखायचं कसं? फलकाच्या रंगावरून. वोआ व्हेर्त जिथे सुरू होते तिथे निळा चौकोनी फलक असतो, त्यावर पांढऱ्या रंगात चालणारी माणसं आणि सायकल. संपते तिथे त्याच फलकावर तांबडी तिरकी रेघ. व्हेलोरूतचे फलक पांढरे, त्यांवर हिरवी अक्षरं, हिरवी सायकल, पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. निळा फलक सांगतो की इथे कोण येऊ शकतं. हिरवा फक्त कुठे वळायचं ते सांगतो. लोक हिरव्या फलकामागे डोळे मिटून जातात आणि तांबडी रेघ मारलेला निळा फलक मागे पडला हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

माझ्या मावसभावाच्या बाबतीत हेच झालं. तो, वहिनी आणि नऊ वर्षांची मुलगी. सहल आखून देणाऱ्याने पाठवलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "संपूर्ण मार्ग वोआ व्हेर्त". दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "अरे, इथे गाड्या आहेत! पोरीच्या बाजूने सूं करून जातायत." मी विचारलं, निळा फलक शेवटचा कुठे दिसला? त्याला आठवेना. आठवायचं काही असतं हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गावाबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यावर फ्रान्समध्ये जुलै २०१८ पासून सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, काही जिल्ह्यांनी ती आपल्या रस्त्यांवर परत ९० केली आहे. सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. पण ज्या मुलीने कालपर्यंत फक्त झाडं आणि बदकं पाहिली, तिला आज अचानक त्या रस्त्यावर सोडायचं का, हे आईबापांनी आधी ठरवायचं असतं. तो निर्णय त्यांच्या हातातून काढून घेतला गेला होता, आणि मला राग आहे तो याचा.

गोंधळाला कारणही आहे. १९९८ मध्ये फ्रान्सने सायकलमार्गांचा पहिला राष्ट्रीय आराखडा केला तेव्हापासून 'व्हेलोरूत आणि वोआ व्हेर्त' ही जोडी एका दमात उच्चारली जाते. भरीला भर म्हणजे एकच जागा एकाच वेळी दोन्ही असू शकते.

फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीतला नांत ते ब्रेस्त कालवा बघा. ब्रेस्तच्या आरमारी बंदराला इंग्रजांनी समुद्रातून कोंडलं होतं, म्हणून आतून रसद पोचवायला नेपोलियनने हा जलमार्ग हाती घेतला. काम १८११ मध्ये सुरू झालं, १८४२ मध्ये पुरं झालं. लांबी सुमारे ३६० किलोमीटर. ग्लोमेलजवळची सर्वांत उंचावरची खोल चर ब्रेस्तच्या तुरुंगातल्या बंदीवानांकडून खणून घेतली. काठाने घोडे बोटी ओढत न्यायचे, त्या घोड्यांची वाट म्हणजे आजची सायकलवाट. घोड्याला भरलेली बोट ओढता यावी म्हणून ती पाण्याच्या पातळीला धरून सपाट राखलेली आहे. फक्त लॉक आलं की तेवढ्यापुरती एक छोटी चढण. मग पुन्हा सपाट.

आता याच कालव्यावरून व्हेलोदिसे जाते. नांतहून निघालात तर पहिल्याच दिवशी धडा मिळतो. कालवा एर्द्र नदीला मिळतो तिथून शहरापर्यंत नदीच बोटींची वाट आहे, आणि एर्द्रच्या काठाला घोड्यांची सलग वाट नाही. म्हणून व्हेलोरूत तिथे गावरस्त्यांवरून जाते, गाड्यांसोबत. कालव्याला लागलात की निळा फलक येतो आणि पुढे ब्लँ, रदों, मालत्र्वा, झोस्लँपर्यंत तुम्ही, पाणी आणि माशांसाठी गळ टाकून बसलेली मंडळी. आणखी वर गेर्लेदाँला १९२०च्या दशकात धरण बांधायला घेतलं, ते १९३० मध्ये पुरं झालं. कालव्याचा एक तुकडा लॉक आणि लॉकराख्यांच्या घरांसकट पाण्याखाली गेला. घोड्यांची वाट तिथे तलावात बुडते. व्हेलोरूत मात्र थांबत नाही. ती कालवा सोडते आणि जुन्या मीटरगेज रेल्वेच्या बंद पडलेल्या मार्गावर चढते, तीही वोआ व्हेर्त, पण वेगळी. त्या रेल्वेचं जाळं कारे गावाभोवती पसरलं होतं आणि १९६७ मध्ये त्यातली बहुतेक मीटरगेज बंद झाली. मार्ग एकच, वाटा दोन, मध्ये एक सांधा. नकाशावर असे सांधे शोधायचे असतात.

दुसरा भ्रम पृष्ठभागाचा, आणि ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल, घेऊन येणाऱ्यांचा मोठा हिरमोड तिथे होतो. वोआ व्हेर्त म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरी धुळीची वाट येते. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीत झिव्री ते क्लुनी ही १९९७ मध्ये सुरू झालेली फ्रान्समधली पहिली वोआ व्हेर्त. जुना रेल्वेमार्ग, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि रोमनेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतली चर्चं, शेवटी ९१० मध्ये स्थापन झालेला क्लुनीचा मठ. आणि पायाखाली गुळगुळीत डांबर! सुंदर वाट आहे, जरूर जा, पण जाड टायर घरी ठेवून.

दक्षिण फ्रान्समधल्या मिदी कालव्यावर तर एकाच व्हेलोरूतवर जिल्हा बदलला की जमीन बदलते. तुलूझहून निघाल्यावर ओत-गारोन जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत साधारण ५० किलोमीटर डांबर. ओद जिल्हा लागला की मातीची वाट, काही ठिकाणी अरुंद, चिनाराच्या जातीच्या जुन्या झाडांची मुळं वर आलेली. काही टप्पे आता सुधारले आहेत. त्या झाडांना २००६ पासून बुरशीचा रोग लागला आणि हजारो तोडावी लागली, त्यामुळे चित्रांतली सावलीही सगळीकडे उरलेली नाही. हे असं का होतं, तर मार्गाचं नाव एक असलं तरी वाट बांधतो आणि राखतो तो बहुधा त्या त्या जिल्ह्याचा कारभार. पैसा त्याचा, पसंतीही त्याची.

मुरूम हवा असेल तर तुम्हाला लागणारा शब्द तिसराच: स्ताबिलिझे. बारीक खडी आणि वाळू पसरून, पाणी मारून, रोलरने बसवलेली वाट. आपला दाबलेला मुरूम, फक्त रंग फिकट. ब्रिटनीतल्या कालव्यावर बव्हंशी हेच आहे. कोरड्या दिवसात ३५ मिलिमीटरचा टायरही मजेत पळतो. एकदा मालत्र्वाच्या अलीकडे मी तासभर पावसात सापडलो. वाट खचली नाही की चिखल झाला नाही, पण वरचा बारीक कच ओल्या पिठासारखा टायरला चिकटून उडत राहिला. संध्याकाळी साखळी हाताने फिरवली तर दाण्याच्या जात्यासारखी करकर. तेव्हापासून माझ्या पिशवीत जुनं फडकं आणि तेलाची छोटी बाटली असतेच. जिल्ह्याच्या किंवा मार्गाच्या पानावर 'आँरोबे' लिहिलं असेल तर डांबर, 'स्ताबिलिझे' लिहिलं असेल तर मुरूम, आणि काहीच लिहिलं नसेल तर उपग्रहाचं चित्र उघडून बघायचं. राखाडी पट्टा डांबराचा, पिवळट पांढरा मुरुमाचा.

जुलै २०२४ मध्ये तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या नवव्या टप्प्यात त्र्वा शहराच्या आसपास खडूसारख्या पांढऱ्या वाटांचे १४ तुकडे होते, मिळून ३२ किलोमीटरच्या घरात. ते पाहून आता अनेक जण 'तसली वोआ व्हेर्त कुठे आहे' असं विचारतात. त्या वोआ व्हेर्त नव्हेतच; त्या द्राक्षमळ्यांच्या आणि शेतांच्या वाटा, आपल्याकडची पाणंद. तिच्यावर ट्रॅक्टर येतो आणि त्याचाच हक्क आधी. त्यातही शमँ र्‍युराल गावाच्या मालकीची आणि सर्वांना खुली, तर शमँ देक्स्प्ल्वातास्यों आजूबाजूच्या शेतकऱ्यांची, ती त्यांनी बंद केली तर मुकाट्याने मागे फिरायचं.

बाकीचे फरक किरकोळ. युरोव्हेलो म्हणजे अनेक देशांतून जाणारी व्हेलोरूत, निळ्या चौकटीत पिवळ्या ताऱ्यांमध्ये क्रमांक. 'आलाझ' म्हणजे बोट ओढायची वाट, ती वोआ व्हेर्त जाहीर झालेली असेल किंवा नसेल. तांबडे-पांढरे पट्टे म्हणजे पायी भटकणाऱ्यांची खूण, त्यांच्यामागे लागून सायकल पायऱ्यांवर नेऊ नका.

शांत, मुरुमाची आणि इतिहासातून जाणारी वाट हवी असेल तर माझं मत ठाम आहे: रदों ते पोंतिव्ही, मे अखेर किंवा सप्टेंबर, चार दिवस. ल्वारचे राजवाडे भव्य आहेत, पण तिथे तुम्ही राजवाड्यांच्या मधलं अंतर कापता. इथे ऊस्त नदी कालव्याला घेऊन वळत जाते आणि एका वळणावर झोस्लँचा किल्ला तीन गोल बुरुजांसह थेट पाण्यातून वर आलेला दिसतो. रोहाँ घराणं आजही त्याचं मालक आहे. रोहाँ गावानंतर लॉक इतकी जवळजवळ येतात की एकावर पोचेपर्यंत पुढचं दिसू लागतं. तिथे घाई करू नका. प्रत्येक लॉकपाशी छोटं घर आहे, कुठे खिडकीत फुलं, कुठे दारात बाक. जुलै-ऑगस्टला एखाद्या ठिकाणी कॉफीही मिळते.

आणि बर्गंडीला हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा जुना रेल्वे बोगदा आहे, सुमारे १,६०० मीटरचा, वोआ व्हेर्तचाच भाग. थंडीत तिथे वटवाघळं झोपतात, म्हणून तो बंद ठेवतात. त्या महिन्यांत वाट दरवाज्यापाशी संपते आणि मार्ग डोंगर चढून खिंडीतल्या गाड्यांच्या रस्त्याने पलीकडे उतरतो. मुलं सोबत असतील तर क्लुनीलाच मुक्काम करा आणि आल्या वाटेने झिव्रीला परत या.