एचडीआर व्हिडिओ: टीव्ही आणि संगणकावरील प्रदर्शन

एचडीआर, म्हणजेच हाय डायनॅमिक रेंज, ही चित्रातला काळोख आणि झगमगाट यांमधले अंतर वाढवणारी व्हिडिओ पद्धत आहे. पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. जुना एसडीआर, म्हणजे स्टँडर्ड डायनॅमिक रेंजचा, व्हिडिओ स्टुडिओत साधारण १०० निटांच्या हिशेबाने तयार होतो, तर एचडीआर चित्रपटांचे रंगसंस्करण १,००० किंवा ४,००० निटांच्या मॉनिटरवर होते. समईच्या उजेडातला प्रसंग घेतला, तर एसडीआरमध्ये ज्योत आणि शेजारचे पांढरे धोतर जवळपास सारखेच दिसते. एचडीआरमध्ये ज्योत कितीतरी पट तेजस्वी राहते, तिचा पिवळा रंगही टिकतो. मात्र हे सारे फाइलमध्ये असते; पडद्यावर उतरेलच असे नाही.

या पद्धतीचा मुख्य पाया पीक्यू वक्र, म्हणजे फाइलमधल्या आकड्याचा उजेड किती हे ठरवणारे सूत्र, हा आहे. तो डॉल्बीने विकसित केला आणि २०१४ मध्ये एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही तंत्राच्या मानक संस्थेकडून एसटी २०८४ म्हणून प्रमाणित झाला. १०,००० निटांपर्यंतच्या प्रत्येक पातळीला त्यात ठरलेला आकडा असतो. एवढा पल्ला ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांत बसवला की संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात, म्हणून किमान १० बिट, म्हणजे १,०२४ पायऱ्या वापरतात. एचडीआर१०, एचडीआर१०+ आणि डॉल्बी व्हिजन पीक्यूवर चालतात. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने घडवलेला एचएलजी मात्र वेगळा वक्र वापरतो आणि मुख्यतः थेट प्रक्षेपणासाठी आहे.

खरी कसोटी टोन मॅपिंगची, म्हणजे फाइलमधला उजेड पडद्याच्या क्षमतेत बसवण्याची. फाइलमधला ढग ४,००० निटांचा आणि टीव्ही जेमतेम ६०० निटांचा असेल, तर वरचा उजेड सरळ छाटला की ढगाचे पदर जाऊन पांढरा डाग उरतो. सगळे चित्र दाबून बसवले की माणसांचे चेहरे काळवंडतात. चांगला टीव्ही चेहऱ्यांच्या पातळीला हात न लावता फक्त वरचे टोक हळुवार वळवतो. एचडीआर१०मध्ये संपूर्ण चित्रपटासाठी मेटाडेटाचा, म्हणजे चित्राच्या उजेडाविषयीच्या माहितीचा, एकच संच असतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ तो प्रसंगागणिक देतात, आणि कमी उजेडाच्या टीव्हीवर त्याचा सर्वाधिक फायदा होतो. ‘एचडीआर’ असे खोक्यावर छापले म्हणजे पडदा तेवढा उजळतो असे मुळीच नाही. व्हेसा या पडद्यांची मानके ठरवणाऱ्या संघटनेची डिस्प्लेएचडीआर ४०० ही श्रेणी लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करण्याची सोय, नसलेल्या मॉनिटरलाही मिळते. अशा पडद्याचा बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, एकगठ्ठा वाढतो आणि काळ्याचा राखाडी होतो. त्यापेक्षा एचडीआर बंद ठेवून प्लेअरकडून एसडीआरमध्ये टोन मॅपिंग करून घेतलेले चित्र बरेचदा सरस दिसते.

संगणकाच्या बाबतीत सर्वाधिक तक्रार फिकट, धुरकट चित्राची असते. पीक्यू व्हिडिओ साधा एसडीआर समजून दाखवला की नेमके असेच होते: रंग उडतात, सावल्या राखाडी दिसतात. उपाय दोनच. एक तर विंडोजमध्ये एचडीआर सुरू करून एचडीआर जाणणारा प्लेअर वापरावा, नाहीतर एमपीव्हीसारख्या प्लेअरला एसडीआरमध्ये रूपांतर करू द्यावे. विंडोज, ऑल्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्या की एचडीआर चालू-बंद होते. एरवीच्या कामासाठी ते बंद असलेलेच बरे. प्लेअर आणि टीव्ही या दोघांनीही टोन मॅपिंग केले तर चित्राचा जीव जातो, तेव्हा ते काम एकाकडेच सोपवावे.

केबलही पाहावी लागते. एचडीएमआय २.० च्या सेकंदाला १८ गिगाबिटांत ६० हर्ट्‌झचे १० बिटी ४के आरजीबी चित्र मावत नाही, पण २४ हर्ट्‌झचे सहज मावते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचेच असल्याने आउटपुट २४ वर ठेवले की पॅनिंगचे, म्हणजे कॅमेरा आडवा फिरतानाचे, धक्केही कमी होतात. अनेक टीव्हींत एचडीएमआय पोर्टची वाढीव क्षमता सेटिंगमधून वेगळी सुरू करावी लागते. सोनीत तिला ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात. चित्रासाठी ‘व्हिव्हिड’ टाळून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडावा.

पीक्यूचे आकडे ठरलेल्या उजेडाचे असल्यामुळे भर दुपारी उघड्या खिडकीसमोर एचडीआर चित्रपट अंधारा वाटतो, आणि त्यात टीव्हीचा दोष नसतो. बीटी.२१०० या आंतरराष्ट्रीय शिफारशीत पडद्याभोवतीचा उजेड अवघा ५ निट धरला आहे. घरी खिडकीचे पडदे ओढून टीव्हीमागे एक मंद पांढरा दिवा लावला तरी त्याच्या बरेच जवळ जाता येते.