न्यायालयीन परिभाषा (ठाणे जिल्हा)

न्यायालयीन परिभाषा : दावा किंवा खटला कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुढची पाळी कोणाची, हे सांगणारे कोर्टाच्या रोजच्या वापरातले शब्द. ठाणेकरांच्या कानावर ते कोर्ट नाक्याच्या जिल्हा व सत्र न्यायालयात पडतात, नवी मुंबईकरांच्या बहुधा सीबीडी बेलापूरला. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा, काही अपवाद सोडल्यास, 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे. बोलण्यात मात्र सरमिसळ चालते. ‘डब्ल्यूएस आली का?’ असे वकील विचारतात तेव्हा ते कैफियतीबद्दलच विचारत असतात.

दिवाणी दाव्यात वादी वादपत्र दाखल करतो. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर द्यायचे असते. सबळ कारण असल्यास मुदत 90 दिवसांपर्यंत मिळते. प्रतिवादी हजर आहे पण कैफियत नाही, तर ‘विना कैफियत’ आदेश होतो. तो फिरकलाच नाही तर दावा ‘एकतर्फा’ चालतो. पक्षकार हे दोन्ही एकच समजतात आणि वकिलावर उगाच चिडतात.

दाखल कागदाला निशाणी क्रमांक पडतो. ‘निशाणी पाच’ म्हटले की महाराष्ट्रातला कोणताही दिवाणी वकील तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज समजतो, इतका हा आकडा रुळला आहे. शेजाऱ्याचे बांधकाम थांबवायचे असेल तर पहिली लढाई याच अर्जावर होते. पुढे वादाचे मुद्दे निघतात, सरतपासणी (आपल्याच साक्षीदाराची, दिवाणीत ती सहसा शपथपत्रावर) आणि समोरच्या पक्षाकडून उलटतपासणी होते. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणे असतात. कोणाला काय मिळाले ते हुकूमनाम्यात. हुकूमनामा हाती आला म्हणून ताबा मिळत नाही. त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, आणि तिला साधारणपणे 12 वर्षांची मुदत आहे. प्रत्येक तारखेला काय घडले ते रोजनाम्यात लिहिलेले असते. ‘आज काही झालं नाही’ या उत्तरावर समाधान न झालेल्याने तो वाचावा.

ठाणे-बेलापूर पट्टीत सगळ्यात जास्त घोळ वारसाच्या कागदांचा. साडेबारा टक्के भूखंडाचा (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या भूखंडाचा) मूळ खातेदार वारला की घरात तीन कागदांची नावे एकमेकांत मिसळतात. तलाठ्याकडची वारस नोंद फेरफाराने सातबाऱ्यावर नाव चढवते. तिने मालकी ठरत नाही. वारस दाखला दिवाणी न्यायालय देते, तोही 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला कायदा आजही आगरी-कोळी घरांत कामाला येतो. अर्ज केल्यावर जाहीर नोटीस निघते आणि हरकती मागवल्या जातात. तिसरे उत्तराधिकार प्रमाणपत्र 1925 च्या कायद्याखालचे, बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणी यांसाठी. जमिनीला ते चालत नाही. भावाबहिणींत हिश्शावरून तंटा असेल तर यातले काहीच पुरत नाही, वाटपाचा दावाच करावा लागतो.

फौजदारी बाजूला 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, शब्द बहुतेक तेच राहिले. अटकेनंतर आरोपीला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. पोलीस ‘पीसीआर’ मागतात, म्हणजे तपासासाठी पोलीस कोठडी. ‘एमसीआर’ झाली म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि मुक्काम ठाणे मध्यवर्ती किंवा तळोजा कारागृहात. एमसीआर ऐकून नातेवाईक रडतात, तर वकील लगेच जामीन अर्जाच्या तयारीला लागतो. जामीन मिळणे म्हणजे सुटका झाली, निर्दोष ठरला असे नव्हे. जातमुचलका म्हणजे हजर राहण्याचे हमीपत्र, ते आरोपीने स्वतः लिहून द्यायचे. जामीनदार हा दुसरा माणूस, आरोपी हजर राहील याची हमी घेणारा.

प्रकरणाची पुढची तारीख ई-कोर्ट्स या ऑनलाइन सेवेवर 16 अंकाक्षरी सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, कळते. ठाणे जिल्ह्यातला हा क्रमांक ‘एमएचटीएच’ने सुरू होतो.