मुलाचा ताबा आणि भेटीचा अर्ज: मुलाचं म्हणणं कोर्टापुढे कसं न्यायचं

'बारा वर्षांचं झालं की मूल स्वतःच ठरवतं.' अलिबागपासून ओरोसपर्यंत कोकणातल्या कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात हे ऐकायला मिळतं. कोणी बारा म्हणतं, कोणी नऊ. कायद्यात असा आकडाच नाही. पालक आणि पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 17(3) मध्ये एवढंच आहे की, समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. विचारात घेणं वेगळं आणि त्यावर निकाल देणं वेगळं. शेवटचं माप मुलाचं हित हेच. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हा नियम हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये आहे, पण त्यातला 'साधारणपणे' हा शब्द वाचायचा राहून जातो.

मुलाचं म्हणणं पुढे नेण्याच्या उत्साहातच बरेचजण स्वतःची बाजू बिघडवतात. मोबाईलवर व्हिडिओ काढतात: 'सांग बाळा, तुला पप्पांकडे जायचंय का?' वहीच्या कागदावर चिठ्ठी लिहून घेतात, आठ वर्षांच्या पोराच्या नावाने प्रतिज्ञापत्र करतात. आठ वर्षांचं मूल 'माझा मानसिक छळ होतो' असं लिहीत नाही, हे न्यायाधीशांना कळतं. पढवलेलं बोलणं उघडं पडलं की पढवणाऱ्यावरचाच विश्वास उडतो. सरळ मार्ग असा: मुख्य प्रकरणात वेगळा अर्ज देऊन 'न्यायालयाने मुलाशी स्वतः बोलावे' अशी मागणी करायची. मग न्यायाधीश सहसा चेंबरमध्ये मुलाशी बोलतात, आईवडील आणि वकील बाहेर. तिथे उलटतपासणी नसते. त्या दिवशी मुलाला उपाशीपोटी पहाटेच्या एसटीने आणून दुपारपर्यंत बाकावर बसवू नका. जमल्यास परीक्षेच्या आठवड्याबाहेरची तारीख मागा. येताना वाटेत उजळणी तर अजिबात नको.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो अर्ज कुठल्या कोर्टात, यावर. पालक आणि पाल्य अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे मूल जिथे 'सर्वसाधारणपणे राहतं' तिथल्या न्यायालयात. आपल्याकडे घोळ इथेच आहे. वडील परळला, आई डोंबिवलीला, मूल आजीजवळ गावी, आणि रेशनकार्डावर नाव मुंबईच्या पत्त्यावर. मे महिन्यात मुलाला गावी आणून जूनमध्ये गावाकडच्या कोर्टात अर्ज टाकला तर समोरची बाजू पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घेते, आणि त्या वादात महिने जातात. म्हणून शाळेचं बोनाफाईड, हजेरी, लहान मूल असेल तर अंगणवाडीची नोंद आणि लसीकरण कार्ड आधीच गोळा करा. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर वेगळा अर्ज करण्याऐवजी त्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली ताबा आणि भेट मागता येते. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे जिल्हा न्यायालय. घरगुती हिंसाचाराचं प्रकरण दाखल असेल तर दंडाधिकारीही त्या कायद्याच्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा देऊ शकतात.

कागदांत अडतो तो जन्मदाखला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत, किंवा दवाखाना शहरात असेल तर तिथल्या नगरपरिषदेत. सासरच्या ग्रामपंचायतीत कितीही खेटे घातले तरी तो मिळणार नाही. जन्म जिथे झाला तिथेच नोंद असते. मिळाल्यावर नावाचा रकाना बघा. अनेक दाखल्यांवर तो कोराच असतो. नाव त्याच ठिकाणच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडून आधी चढवून घ्या. लग्नाचा दाखला, दोघांचे ओळखपत्र-पत्ते, उत्पन्नाचा पुरावा, यात फारसं अडत नाही. आजी किंवा मामा स्वतःला पालक म्हणून नेमून मागत असतील तर मात्र पालक होण्याची तयारी असल्याचं, त्यांच्या सहीचं आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं निवेदन अर्जासोबत लागतं. ते नसल्यामुळे अर्ज अपुरा ठरतो.

समोरच्याचा पत्ता एकच देऊ नका. चाळीतली खोली बंद, म्हणून नोटीस परत आली की पुढची तारीख पडते. गावचा, मुंबईचा आणि कामाच्या जागेचा, सगळे पत्ते द्या.

भेटीच्या वेळा लिहिताना 'दर शनिवारी' असं कुठूनतरी उतरवू नका. बाप ट्रॉलरवर असेल तर हंगामात तो शनिवारी समुद्रात असतो. त्याच्यासाठी 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी म्हणजे खरे मोकळे दिवस, आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू होते हेही अर्जात लिहा. गणपतीत मूल कोणाकडे, शिमग्याला कोणाकडे, हे नावानिशी मागा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. आदेश त्याआधी नसेल तर कागदावरची भेट कागदावरच राहते. बाप आखातात असेल तर व्हिडिओ कॉलचा वार आणि भारतीय वेळ लिहून घ्या.

आता 'साठ दिवसांत ताब्याचा निकाल लागतो' हा गैरसमज. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मधली साठ दिवसांची मुदत दाव्यादरम्यान मुलाच्या पोटगी-शिक्षणाच्या अर्जाला आहे, ताब्याला नाही. तीही 'शक्यतो', आणि अर्ज टाकल्यापासून नाही तर समोरच्यावर नोटीस बजावल्यापासून. साठ दिवस झाले म्हणून शिरस्तेदाराशी (कोर्टाच्या कारकुनाशी) भांडण्यात अर्थ नाही. तातडी असेल तर अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज वेगळा द्या.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. रायगडची मुंबईतच. कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपिलाची मुदत 30 दिवस आहे, पण हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालाला मुंबई उच्च न्यायालयाने 90 दिवस मानले आहेत.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. सातव्या वर्षी 'काही सांगता येत नाही' म्हणणारं मूल तेराव्या वर्षी नीट बोलू लागलं, शाळा बदलली, घरातली माणसं बदलली, तर बदलासाठी पुन्हा अर्ज करता येतो. सहमतीने घटस्फोट घेताना ताब्याच्या अटी लिहून दिल्या असल्या तरीही.