बिगुलात 'म' का नाही?

बिगुलावर गाणं वाजत नाही, फक्त इशारे वाजतात, असा आपल्याकडे पक्का समज आहे. शहीद जवानाला मानवंदना देताना वाजणारी 'लास्ट पोस्ट' आणि शिबिरातली पहाटेची हाक, एवढीच या वाद्याशी आपली ओळख. अमेरिकेत मात्र बिगुलांनी भर मैदानात सिम्फनी आणि जॅझ वाजवून दाखवलं. तिथली ड्रम अँड बिगूल कोअर ही पथकं तालवाद्यं आणि बिगूल घेऊन, कवायत करत वादन करायची. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी ती वाढवली. 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे या पथकांच्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. 2000 सालापासून या स्पर्धेत कोणत्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालू लागली, 2014 पासून ट्रॉम्बोनही आले. तरी माजी सदस्यांची काही पथकं आजही जुने जी पट्टीतले, म्हणजे पांढरी पाचचे, बिगूल घेऊनच उतरतात. त्यांचं वादन ऐकताना मला सुरांपेक्षा त्या नळीचंच जास्त कौतुक वाटतं.

साध्या बिगुलाला ना भोकं असतात, ना कळा. जी पट्टीच्या बिगुलाची गुंडाळलेली नळी उलगडली तर साधारण पावणेदोन मीटर भरेल. तिच्यातून मंद्र सा, मंद्र प, सा, ग, प आणि तार सा एवढेच कामाचे सूर निघतात. प आणि तार सा यांच्यामध्ये एक कोमल नी सापडतो, पण तो पेटीवरच्या नीपेक्षा इतका उतरलेला असतो की वादक त्याला टाळतात. रे, म, ध तर या टापूत नाहीतच. जोरात फुंकून ते मिळत नाहीत. ओठ आवळून वादक वरच्या सुरावर उडी मारतो, पण कुठे उतरायचं हे नळीच ठरवते.

कसं ठरवते? बारावीच्या पुस्तकात बंद नळीचा नियम आहे. एक टोक बंद, दुसरं उघडं, अशा नळीत मूळ वारंवारितेच्या 1, 3, 5, 7 अशा विषम पटीच उमटतात. बिगूल फुंकताना ओठ जवळजवळ मिटलेले असतात आणि हवेचा दाब तिथेच सर्वाधिक बदलतो, म्हणजे ते बंद टोक. पावणेदोन मीटरच्या सरळ नळीचं गणित केलं तर 49, 147, 245, 343, 441 हर्ट्झ येतात. बिगूल मात्र 196, 294, 392, 490 देतो. हे आकडे 98 च्या 2, 3, 4, 5 पटी आहेत. पुस्तक चुकलं का?

नाही. दोन्ही रांगांमधलं अंतर पाहा: दोन्हीकडे 98. फक्त 147 ची जागा 196 ने घेतली, 245 ची 294 ने. अख्खी शिडी अर्धी पायरी वर सरकली आहे. ही करामत नळीच्या दोन टोकांची. बाहेरच्या तोंडाचा कर्णा हळूहळू रुंदावतो. लांब तरंगलांबीच्या लाटेला ते रुंदावणं आधीच जाणवतं, ती कर्ण्याच्या सुरुवातीलाच परत फिरते. तिच्यापुरती नळी आखूड झाली, म्हणून खालचे सूर प्रमाणाने जास्त चढतात. आखूड लाटा कर्ण्यात खोलवर जातात, त्यांना नळी जवळजवळ पूर्ण लांबीची भासते. दुसऱ्या टोकाला मुखिकेची, म्हणजे ओठ टेकवायच्या तुकड्याची, वाटी आणि तिचा अरुंद गळा उलट काम करतात. वरच्या वारंवारितांना ती वाटी नळीची वाढीव लांबी वाटते आणि ते सूर थोडे खाली खेचले जातात. दोन्ही परिणाम नीट जुळवले की विषम पटींची ओबडधोबड रांग 2, 3, 4, 5 अशी सुरेल बसते. सर्वांत खालचं कंपन तेवढं या रांगेत बसत नाही. कारागिरांनी हे समीकरणं मांडून केलं नाही. कर्णा कुठे किती उमलवायचा हे त्यांनी कानाने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरवलं.

आपली तुतारी आणि शंख याच कुळातले, ओठांच्या कंपनावर वाजणारे. शंखनादाने हवेतले जंतू मरतात असे संदेश अधूनमधून फिरतात. त्याला काहीही आधार नाही. प्रयोगशाळेत ध्वनीने पेशी फोडतात, पण तो द्रवात सोडलेला अतितीव्र श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणारा, ध्वनी असतो. त्यात बुडबुडे तयार होऊन कोसळतात आणि पेशी फुटतात. देवळातल्या हवेत तसं काही घडत नाही. शंख ऐकावा तो नादासाठी.

आता ड्रम कोअरनी 'म' कसा मिळवला ते. आधी अंगठ्याने दाबायचा आडवा पिस्टन आला. तो दाबला की हवा जादा नळीतून फिरते आणि पट्टी जीवरून खालच्या डीवर, म्हणजे मंद्र प वर उतरते. प ला सा मानलं तर त्याचा पंचम म्हणजे आपला रे आणि त्याचा गंधार म्हणजे शुद्ध नी. दोन सूर वाढले, पण म आणि ध हुकलेच. पुढे अर्धा स्वर उतरवणारा रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे फिरणारी झडप, आला आणि त्यानंतर पिस्टन डीऐवजी एफवर, म्हणजे पांढरी चारवर, उतरणारा झाला. एफचा पंचम आपला शुद्ध म. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम वापरले की पट्टी ईवर येते, तोच ध. सप्तक पुरं झालं!

पुरं झालं, पण किंचित बेसूर. अर्ध्या स्वरासाठी नळी सुमारे 6 टक्के वाढवावी लागते, पूर्ण स्वरासाठी 12.2 टक्के. बेरीज 18.2. पण दीड स्वर उतरायला लागतात 18.9, कारण दुसरी वाढ आधीच लांबलेल्या नळीवर मोजायला हवी. पावणेदोन मीटरच्या नळीत सव्वा सेंटीमीटर कमी पडतो, म्हणून तो ध जरा चढाच लागतो आणि वादकाला ओठांनी खाली ओढावा लागतो. 1977 साली दोन उभे व्हॉल्व्ह मान्य झाले, 1990 साली तीन, तरी ही बेरीज बदलली नाही.

घरी बागेच्या पाण्याच्या नळीचा पावणेदोन मीटरचा तुकडा घ्या, ओठ आवळून फुंका आणि मोबाइलवरच्या ट्यूनरने वारंवारिता पाहा. नुसत्या नळीत 147 नंतर 245 च्या आसपासचा सूर लागेल. हे अंतर सा ते ध एवढं आहे. बिगुलात त्याच जागी सा ते प असतं.