मारिया थेरेसा रोमन गादीवर बसलीच नव्हती

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स उघडा नाहीतर व्हॉट्सॲपवरचं ‘आजचा दिनविशेष’ वाचा, हे वाक्य हमखास भेटतं: ‘१७४० मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर मारिया थेरेसा पवित्र रोमन साम्राज्याच्या गादीवर आली.’ साफ चूक. ती गादीवर आली हे खरं, पण ती गादी ही नव्हे. (पवित्र रोमन साम्राज्य म्हणजे प्राचीन रोम नव्हे; मध्य युरोपातल्या, मुख्यतः जर्मन, संस्थानांचं ते कडबोळं.)

तिच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक म्हणजे घरची वतनं: ऑस्ट्रिया, बोहेमिया, हंगेरी वगैरे. ती वारशाने जायची. बाप गेला की पोरगा बसायचा, पोरगा नसला की भाऊबंदकी. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिच्या वडिलांनी, सहाव्या चार्ल्सने, १७१३ मध्ये ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ नावाचा हुकूम काढून मुलगा नसल्यास मुलीला वारसा मिळेल अशी तजवीज केली, ती या वतनांपुरती.

दुसरी गोष्ट म्हणजे रोमन सम्राटाचा मुकुट, आणि सगळे घसरतात ते इथे. हा मुकुट वारशाने मिळत नसे, तो निवडणुकीने मिळे. १३५६ च्या ‘गोल्डन बुल’ या फर्मानाने सात इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणारे मतदार, ठरवून दिले होते; अठराव्या शतकापर्यंत ते नऊ झाले. त्यात माइन्झ, ट्रियर आणि कोलोनचे आर्चबिशप, बाकीचे मोठे संस्थानिक. ते मत देतील तो सम्राट, आणि बाई निवडून येण्याची सोयच नव्हती.

मग घोळ का होतो? कारण १४३८ पासून १७४० पर्यंत दर वेळी निवडून आला तो हॅब्सबर्गच. त्यांची युक्ती साधी होती. बाप हयात असतानाच मुलाला ‘रोमनांचा राजा’ म्हणून निवडून घ्यायचं, म्हणजे बापामागे प्रश्नच उरत नाही. तीनशे वर्षं असं चाललं की निवडणूक वारशासारखी दिसू लागते. सहावा चार्ल्स ऑक्टोबर १७४० मध्ये गेला तेव्हा मात्र असा कुणी तयार नव्हता. मागे होती २३ वर्षांची मुलगी.

वतनं तिच्याकडे आली, जरी ती राखायला तिला आठ वर्षं लढावं लागलं. जून १७४१ मध्ये प्रेसबर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, तिने हंगेरीचा मुकुट घेतला आणि रिवाजाप्रमाणे घोड्यावरून टेकडीवर जाऊन चारी दिशांना तलवार रोखली. रोमन मुकुट जानेवारी १७४२ मध्ये गेला बव्हेरियाच्या चार्ल्स आल्बर्टकडे. त्याच्या डोक्यावर तो ठेवला त्याच्याच सख्ख्या भावाने, कोलोनच्या आर्चबिशपने. गंमत म्हणजे राज्याभिषेकाला दोन दिवस होतात न होतात तोच तिच्या फौजा त्याच्या राजधानीत, म्युनिकमध्ये, शिरल्या.

तो १७४५ मध्ये वारला आणि मग निवडून आला मारिया थेरेसाचा नवरा, फ्रान्सिस. पाटलाची बायको पाटलीण, तशी ती सम्राज्ञी झाली, एवढंच. फ्रँकफर्टच्या सोहळ्यात तिने स्वतःचा राज्याभिषेकसुद्धा करून घेतला नाही. ती प्रेक्षक म्हणूनच हजर होती. त्यामुळे तिला ‘सम्राज्ञी’ म्हणायला माझी हरकत नाही, पण ‘सम्राज्ञी म्हणून राज्य केलं’ म्हटलं की तिडीक जाते. राज्य तिने केलं ते हंगेरीची राणी, बोहेमियाची राणी आणि ऑस्ट्रियाची आर्चडचेस (तिथल्या राज्यकर्तीचा किताब) म्हणून.

तरी शंका असेल तर तिच्या मुलाकडे बघा. फ्रान्सिस १७६५ मध्ये गेला आणि दुसरा जोसेफ त्याच दिवशी सम्राट झाला, कारण त्याला आदल्याच वर्षी ‘रोमनांचा राजा’ निवडून ठेवलं होतं. पण वतनं? ती १७८० पर्यंत आईकडेच. पंधरा वर्षं सम्राट साहेब आईच्या राज्यात नुसते सहराज्यकर्ते.

घराण्याचं नाव हॅब्सबर्ग की हॅब्सबर्ग-लॉरेन, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. फ्रान्सिस लॉरेन घराण्याचा, म्हणून मुलांच्या नावाला ते शेपूट जोडलं गेलं. बास.

आकड्यांकडे मात्र लक्ष असू द्या. मारिया थेरेसाचा नवरा रोमन सम्राट म्हणून पहिला फ्रान्सिस, नातू दुसरा. या नातवाने १८०४ मध्ये ऑस्ट्रियाचं वेगळं साम्राज्य जाहीर केलं आणि तिथे तो पहिला झाला. रोमन मुकुट त्याने १८०६ मध्ये उतरवून ठेवला. पुस्तकाच्या सूचीत नुसतं ‘पहिला फ्रान्सिस’ दिसलं तर आधी साल बघा, मग पुढे वाचा.