ऑनलाइन एड.डी.चा अर्ज: आधी नाव ठरवा, मग खातं उघडा

सर, मॅडम, नमस्कार.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन एड.डी., म्हणजे शैक्षणिक नेतृत्वातली डॉक्टरेट, करायची म्हणून अर्जाच्या मदतीसाठी आमच्या कार्यालयात येणाऱ्यांत मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, अध्यापक महाविद्यालयातली मंडळी आणि दुबई-मस्कतच्या भारतीय शाळांत काम करणारे मराठी शिक्षक असतात. अर्ज कसा भरायचा हे तुम्हाला आम्ही शिकवावं असं काही नाही. शालार्थ (पगाराची) आणि यू-डायस (शाळेच्या माहितीची) या सरकारी प्रणालींत माहित्या भरून भरून तुमचा हात बसलेला आहे. तरीही दर वर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते: नावावर. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

पण त्याआधी, रोज फोनवर विचारला जाणारा प्रश्न.

ही पदवी इथे चालेल का?

इथल्या महाविद्यालयात प्राध्यापक किंवा प्राचार्य होण्यासाठी डॉक्टरेट हवी असेल, तर हा रस्ता तुमचा नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत पीएच.डी. बसत नाही. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांतही ऑनलाइन पीएच.डी.ला जागा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) यांनी मिळून जाहीर सूचना काढली होती, की एड-टेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्या परदेशी संस्थांच्या साथीने ज्या ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिराती करतात त्यांना भुलू नका, त्या मान्य नाहीत. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाण्यासाठी, यूजीसीचे २०२५ चे वेगळे नियम आहेत, पण ऑनलाइन डॉक्टरेटला समकक्षता मिळेलच असं धरून कुणी पैसे भरू नयेत. अशा मंडळींना आम्ही पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायला सांगतो. २०२२ च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, फक्त संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. एवढं आम्ही फोनवरच सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

मग एड.डी. कुणाच्या कामाची? आंतरराष्ट्रीय शाळांत किंवा आखाती देशांत वरच्या जागेवर जायचं आहे, स्वतःची शाळा चालवता, शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेत काम करता किंवा अमेरिकेत स्थायिक होऊन तिथल्या शाळेत शिकवता, अशांच्या. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये सुरू झालेली ही पदवी काम करणाऱ्या शिक्षकांसाठीच आहे. २००७ मध्ये एड.डी. सुधारण्यासाठीचा कार्नेगी प्रकल्प सुरू झाल्यापासून अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी तिची नव्याने मांडणी केली आणि प्रबंध उमेदवाराच्या स्वतःच्या शाळेतल्या किंवा संस्थेतल्या खऱ्या अडचणीवर असावा असा आग्रह धरला. व्हँडरबिल्टचं पीबॉडी कॉलेज, जॉन्स हॉपकिन्स, अ‍ॅरिझोना स्टेट, सदर्न कॅलिफोर्नियाचं रॉसियर स्कूल ही त्या क्षेत्रातली जाणती नावं. पण तिकडेही नावापुरती विद्यापीठं आहेत. हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स कमिशन अशा मान्यता देणाऱ्या मंडळांची मान्यता आहे का, हे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतं. आमच्याकडे यायच्या आधीच पाहून घ्या. आणखी एक: काही अभ्यासक्रम त्या-त्या राज्याच्या मुख्याध्यापक परवान्याशी बांधलेले असतात. भारतात किंवा आखातात काम करणाऱ्यांना तो परवाना लागत नाही, त्यामुळे त्यातली अर्धी मेहनत वाया जाते. असे अभ्यासक्रम आम्ही त्यांच्या यादीतून आधीच काढतो.

आता नावाचं

समजा, तुमच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेवर आहे ‘पाटील सुनीता रमेश’. लग्नानंतर केलेल्या बी.एड.वर ‘जाधव सुनीता विजय’. एम.एड.च्या प्रवेशाच्या वेळी कारकुनाने बी.ए.ची गुणपत्रिका समोर धरून पुन्हा पाटील लिहिलं. पासपोर्टवर आडनाव जाधव, नाव सुनीता विजय. वर रोमन स्पेलिंगमध्ये एका कागदावर ‘आय’ आणि दुसऱ्यावर दोन ‘ई’. आपल्यापैकी कुणालाही यात काही वावगं दिसणार नाही. माहेरचं नाव, सासरचं नाव, आडनाव आधी, हे आपण लहानपणापासून वाचत आलो.

अमेरिकेतला तपासनीस मात्र डावीकडून उजवीकडे वाचत जातो. त्याच्या लेखी ‘पाटील’ हे पहिलं नाव आणि ‘रमेश’ हे आडनाव. गुणपत्रिकेवर शेवटी आईचं नाव छापलेलं असेल तर तेच आडनाव. त्याच्यासमोर तीन वेगवेगळ्या व्यक्ती उभ्या राहतात आणि मास्टर्सची पदवी त्यांतल्या एकीकडेच असते. तो अर्ज नाकारत नाही, पण बाजूला ठेवतो. ‘कागदपत्रं अपूर्ण’ असा ईमेल येतो, तो स्पॅममध्ये जाऊन पडतो, आणि आठवडे निघून जातात.

पुरुषांचीही यातून सुटका नाही. पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरी राहिली असेल आणि पूर्ण नाव खालच्या ओळीत एकत्र छापलेलं असेल, तर अमेरिकी कागदांवर सगळं नाव आडनावात ढकललं जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिलं नाव माहीत नाही) ही अक्षरं येतात. असा पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या, अर्जाचं नंतर बघू.

आता वेळ खाणारी खरी चूक. घरातला भाचा किंवा मुलगी रात्री बसून विद्यापीठाच्या पोर्टलवर खातं उघडून देते. प्रेमाने देते, आणि संगणकाचं तिला आपल्यापेक्षा जास्त कळतंही. पण ती खात्यात घरातलं नाव टाकते, किंवा आधार कार्ड हाताशी असतं म्हणून आधारवरचं. ते नाव तिथून सगळीकडे जातं. शिफारस करणाऱ्यांच्या ईमेलमध्ये तेच छापलं जातं, गुणपत्रिका आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल त्याच नावाशी जुळवून पाहिला जातो. परीक्षा तर पासपोर्टवरच्या नावाने दिलेली असते. मग दोन्ही टोकं जुळत नाहीत. नाव बदलायचं तर प्रवेश कार्यालयाला पत्र, पुरावे, वाट पाहणं. घाईत दुसरं खातं उघडणं हा तर त्याहून वाईट उपाय, कारण आता दोन अर्धवट अर्ज तयार होतात आणि शिफारसपत्रं एकात, निकाल दुसऱ्यात जाऊन बसतात.

एका मुख्याध्यापिका मॅडमचं नेमकं असं झालं. उत्तम अनुभव, उत्तम निबंध, तिन्ही शिफारसपत्रं वेळेवर. फक्त नाव जुळवता जुळवता अंतिम तारीख उलटली आणि पुढच्या प्रवेशापर्यंत थांबावं लागलं. त्या पुढच्या वेळी आमच्याकडे आल्या तेव्हा पहिले पंधरा दिवस आम्ही अर्जाला हातसुद्धा लावला नाही, फक्त नावाचे कागद गोळा केले.

आमची पद्धत सांगतो. पासपोर्टवरचं नाव हेच तुमचं नाव. स्पेलिंग, क्रम, मधली मोकळी जागा, सगळं तसंच. खातं त्या नावाने, परीक्षा त्या नावाने, गुणांकन संस्थेकडची (आपले गुण अमेरिकी पद्धतीत मांडून देणाऱ्या संस्थेकडची) नोंद त्या नावाने. बाकीची सगळी नावं ‘पूर्वीचं किंवा इतर नाव’ विचारणाऱ्या रकान्यात, एकही न गाळता. हा रकाना ऐच्छिक असतो म्हणून लोक सोडून देतात. आपल्यासाठी तो ऐच्छिक नाही. सोबत आम्ही एका पानाचं नावपत्रक जोडतो: कोणत्या वर्षी, कोणत्या कागदावर, कोणतं नाव, त्यातलं वडिलांचं कोणतं, पतीचं कोणतं, आईचं कोणतं. तपासनिसाला आपली पद्धत दोन मिनिटांत समजते.

पुराव्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र सगळ्यांत भक्कम. बऱ्याच जणींकडे लग्नपत्रिका आणि अल्बम असतो, नोंदणी नसते. विवाह नोंदणीच्या १९९८ च्या कायद्याखाली जुन्या लग्नाचीही उशिरा नोंदणी करता येते, त्यासाठी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत चौकशी करा. ती लग्नपत्रिका तिथे उपयोगी पडते, टाकू नका. लग्नाव्यतिरिक्त कारणाने नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते. नुसत्या नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर आम्ही विसंबत नाही, ते फक्त स्पेलिंगच्या फरकाला जोडतो.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी पंधरा दिवस कशाला?’ असं आम्हाला ऐकवलं जातं. राग नाही, पण हे पंधरा दिवस सुरुवातीला दिले नाहीत तर शेवटी दोन महिने द्यावे लागतात, आणि तेव्हा अंतिम तारीख डोक्यावर असते. म्हणून नावपत्रक पूर्ण झाल्याशिवाय आम्ही कुणाचंही खातं उघडत नाही. ओळखीच्यांचंही नाही.

गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट

गुणपत्रिका म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे वेगळा अर्ज करून सर्व वर्षांचं एकत्रित ट्रान्सक्रिप्ट मागावं लागतं, आणि ते विद्यापीठाकडूनच, ऑनलाइन किंवा सीलबंद लिफाफ्यातून, डब्ल्यूईएस सारख्या गुणांकन संस्थेकडे जावं लागतं. लिफाफा तुमच्या हातात दिला तर उघडू नका. गुण बरोबर आहेत का हे पाहायचा मोह होतो, आम्हाला माहीत आहे. पण सील तुटलं की तो कागद त्या कामासाठी संपला. पदवीप्रदान समारंभाला न गेल्यामुळे पदवी प्रमाणपत्र आजवर विद्यापीठातच पडून असेल तर तेही आताच काढा.

तिकडे गुण चारपैकी मोजतात, म्हणून टक्क्यांना २५ ने भागून निराश होऊ नका. ६० टक्के म्हणजे तिकडचे २.४ गुण नव्हेत. गुणांकन संस्था विषयवार श्रेणी लावते आणि आपल्याकडच्या प्रथम श्रेणीची किंमत तिकडे चांगली होते.

निबंध आम्ही का लिहून देत नाही

‘तुम्हीच लिहा, पैसे घ्या’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही लिहून देत नाही, आणि यात बदल होणार नाही. प्रवेशाचा निबंध तुमच्या शाळेतल्या एका अडचणीबद्दल असतो, आणि मुलाखतीत त्याच अडचणीवर प्रश्न येतात. बीडमधल्या एखाद्या सरांच्या शाळेतली मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या काळात हंगामी वसतिगृहात कोण राहिलं, कोण गेलं, परत आलेल्या मुलांच्या वाचनाचं काय झालं, याच्या नोंदी सरांच्या वहीत असतात. ही वही अमेरिकेतल्या प्राध्यापकाला हवी आहे. तिच्याऐवजी लोक आम्हाला शिक्षणाचं महत्त्व सांगणारी दोन पानं पाठवतात, सुरुवातीला एखाद्या थोर व्यक्तीचं वचन घालून. मग आम्ही समोर बसून प्रश्न विचारतो: नेमके किती विद्यार्थी, कोणती इयत्ता, तुम्ही काय करून पाहिलं, काय फसलं? फसलेलं लिहायला संकोच वाटतो, पण ते वाचूनच परीक्षकाचा विश्वास बसतो. मराठीत लिहा, हरकत नाही. इंग्रजी करताना आम्ही शेजारी असतो.

शिफारसपत्राबद्दल थोडक्यात: संस्थेचं लेटरहेड आणि गोल शिक्का तिकडे फारसा उपयोगी नाही. पोर्टलवरून गेलेल्या लिंकवर शिफारस करणाऱ्याने स्वतः पत्र चढवायचं असतं, शक्यतो संस्थेच्या ईमेलवरून. संस्थेचे सचिव ईमेल पाहत नसतील तर दुसरी व्यक्ती निवडा.

घड्याळ आणि पैसा

ऑनलाइन म्हणजे वाटेल तेव्हा, असा समज करून घेऊ नका. बऱ्याच अभ्यासक्रमांत आठवड्याला थेट वर्ग असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातचा वर्ग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला येतो, त्यांच्या हिवाळ्यात साडेपाचला. पश्चिम किनाऱ्यावरचा सहाचा वर्ग आपल्या सकाळी साडेसहा किंवा साडेसातला, म्हणजे सकाळच्या सत्राच्या परिपाठावर. अर्जाआधी वेळापत्रक मागवा, आणि कॅम्पसवर काही दिवस हजर राहावं लागतं का तेही विचारा, कारण मग व्हिसा आणि विमानाचा खर्च आला.

फी क्रेडिटवर, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या अभ्यासाच्या एककांवर, मोजतात. एकूण क्रेडिट गुणिले एका क्रेडिटचा दर, वर तंत्रज्ञान शुल्क आणि प्रबंध लांबला तर जादा सत्रांचं शुल्क. हा शेवटचा आकडा जाहिरातीत नसतो. आमच्या पहिल्या भेटीत तो हिशेब आम्ही कागदावर रुपयांत मांडून देतो, आणि घरच्यांना सोबत आणा असं सांगतो. हिशेब पाहून काही जण परत जातात, तेव्हा आम्हाला वाईट वाटत नाही. कर्ज काढून अर्ध्यात सोडण्यापेक्षा ते बरं.

पहिली भेट आणि नावांची तपासणी विनाशुल्क आहे. पुढचं काम घेतलं तर शुल्क दोन हप्त्यांत: नावपत्रक पूर्ण झाल्यावर पहिला, अर्ज दाखल झाल्यावर दुसरा. अंतिम तारखेच्या निदान चार महिने आधी या. महिनाभर उरलेला असेल तर आम्ही काम घेत नाही, पुढच्या प्रवेशाची तयारी सुरू करतो.

येताना पासपोर्ट, दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं आणि विवाह नोंदणीचा कागद आणा. खातं आधीच उघडलेलं असेल तर त्याचा पासवर्डही आणा, आणि ज्याने उघडलं त्यालाही बरोबर घेऊन या. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. शनिवारी शाळा सुटल्यावर आलात तरी चालेल, त्या दिवशी आम्ही संध्याकाळी उशिरापर्यंत बसतो.